चिकूला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचे?

डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला ‘चिकू म्हणजे काय?’ असे कोणी विचारत नाही. आमच्याकडे नुसते ‘वाडी’ म्हटले की ती चिकूचीच वाडी. पाहुणे निघाले आणि त्यांच्या हातात पिशवीभर चिकू दिले नाहीत, तर घरच्या बाईला चुकल्याचुकल्यासारखे वाटते. शब्द इतका रोजचा, की तो परका असेल अशी शंकाही मनाला शिवत नाही. शाळेत शब्दांचे प्रकार शिकवताना मी फळ्यावर तत्सम, तद्भव, देशी आणि परभाषीय असे चार रकाने आखायची आणि मुलांना शब्द भरायला सांगायची. दरवर्षी कोणीतरी ‘चिकू’ उचलून ‘देशी’च्या रकान्यात टाकायचे. कारण विचारले की उत्तर तयार, "बाई, चिकूला चीक असतो, म्हणून चिकू!"

या उत्तराकडे पुढे येतेच. पण आधी हा विषय निघाला कसा ते सांगते.

माझा एक जुना विद्यार्थी घरच्या चिकूच्या चकत्या वाळवून पाकिटे भरतो. त्याची काही पाकिटे अमेरिकेत, टेक्सासमधल्या एका दुकानात जायची होती. तिकडे स्पॅनिश बोलणारे गिऱ्हाईक पुष्कळ, म्हणून इंग्रजी नावाखाली स्पॅनिश नावही छापावे असे ठरले. त्याचा फोन आला. "बाई, नेटवर पाच नावं निघतायत. छपाईवाला थांबलाय. कुठलं घालू?" मला स्पॅनिश येत नाही. पण एखाद्या शब्दाचा पाठलाग करण्याची सवय नोकरीबरोबर निवृत्त होत नाही. शब्दकोश काढले, टेक्सासमधल्या भाचीला तिच्या मेक्सिकन शेजारणीकडे विचारायला लावले, आणि हळूहळू लक्षात आले की प्रश्न पाकिटापुरता नाही. त्या पाच नावांत पाचशे वर्षांचा इतिहास बसलेला आहे.

ती पाच नावे अशी: सापोते, चिको, चिकोसापोते, सापोतियो आणि निस्पेरो.

चिकूचे माहेर म्हणजे दक्षिण मेक्सिको, युकातानचे द्वीपकल्प, ग्वातेमाला आणि बेलीझचा प्रदेश. तिथली माया माणसे हे फळ खात होती तेव्हा युरोपला अमेरिका नावाची गोष्टच माहीत नव्हती. मेक्सिकोच्या मध्यभागी अझ्तेक लोकांचे राज्य होते, त्यांची भाषा नाव्हात्ल. त्या भाषेत कोणत्याही मऊ, गोड फळाला ‘त्सापोत्ल’ म्हणत. १५२१ साली स्पॅनिश फौजेने अझ्तेकांची राजधानी घेतली. पुढे त्या शेवटच्या ‘त्ल’शी स्पॅनिश जिभेचे काही जमेना, म्हणून त्सापोत्लचे ‘सापोते’ झाले. खुद्द स्पेनमध्ये पहिले अक्षर ‘था’सारखे उच्चारतात, तिथे ते थापोते.

पण सापोते म्हणजे चिकू नव्हे. आपल्याकडे जसे ‘फळ’, तसे ते. सीताफळ, रामफळ, जायफळ, श्रीफळ या चारांत ‘फळ’ आहे, म्हणून ती चारही एकाच जातीची होत नाहीत. तसेच तिकडचे. मेक्सिकोतले ‘काळे सापोते’ हे आपल्या टेंभुर्णीचे भावंड आहे. तीच टेंभुर्णी, जी तलासरीकडची पोरे रानातून ओच्यात भरून आणतात. ‘पांढरे सापोते’ लिंबाच्या कुळातले. ‘मामेय सापोते’ मात्र चिकूच्याच कुळातले, पण आत लालसर. कोलंबियात गेलात तर सापोते म्हणजे आणखी निराळेच, नारिंगी गराचे फळ. तेव्हा पाकिटावर नुसते ‘सापोते’ लिहिणे म्हणजे मराठीत नुसते ‘फळ’ लिहिण्यासारखे.

या सगळ्यांतून आपले फळ वेगळे ओळखता यावे म्हणून नाव्हात्लमध्ये त्याला ‘शिकोत्सापोत्ल’ म्हणत. त्याचे स्पॅनिशमध्ये ‘चिकोसापोते’ झाले. गंमत अशी की ‘चिको’ हा स्पॅनिशचा स्वतःचा शब्दही आहे, आणि त्याचा अर्थ ‘लहान’ किंवा ‘मुलगा’. म्हणजे परक्या शब्दाचा पुढचा भाग स्पॅनिश कानाला आपल्याच घरातला वाटला. आमच्या मुलांना चिकूत ‘चीक’ दिसावा तसेच हे. सापोतियो म्हणजे ‘छोटे सापोते’, आणि त्यावरूनच इंग्रजांनी ‘सॅपोडिला’ बनवले.

१५६५ पासून मेक्सिकोतले अकापुल्को आणि फिलिपीन्समधले मनिला यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतांची ये-जा सुरू झाली, ती १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे चालली. मेक्सिकोची चांदी पूर्वेला यायची, चीनचे रेशीम पश्चिमेला जायचे. त्या वाटेने झाडेही आली. फिलिपीन्समध्ये आजही या फळाला ‘चिको’च म्हणतात. पुढे पूर्वेकडच्या देशांत ते पसरले आणि हिंदुस्थानात आल्यावर त्या जोडनावाची जणू वाटणीच झाली. मराठी, गुजराती, हिंदीने पुढचा अर्धा घेतला आणि ‘चिकू’ म्हटले. तेलुगू, तमिळने मागचा अर्धा ठेवला आणि ‘सपोटा’ म्हटले. कन्नडमध्ये दोन्ही चालतात. बंगालीत ते ‘सबेदा’ आहे, ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये ‘सापोती’. सरकारी इंग्रजीने दक्षिणेचा अर्धा उचलला. २०२१ च्या जूनमध्ये आपला घोलवडचा चिकू इंग्लंडला रवाना झाला, तेव्हाच्या सरकारी निवेदनात त्याचे नाव ‘सपोटा’ होते.

आता पाचवे नाव, निस्पेरो. हे सर्वांत फसवे. युरोपात निस्पेरो नावाचे एक जुने फळ आहे. रंगाने तपकिरी, झाडावर कडक, आणि उतरवून ठेवल्यावर मऊ पडले की मगच खाण्याजोगे. स्पॅनिश माणसे अमेरिकेत उतरली, त्यांनी चिकू पाहिला. तोही तपकिरी, तोही कच्चा तोंडात धरवत नाही, मऊ पडला की गोड. मग त्यांनी घरच्या ओळखीचे नाव त्याला दिले. म्हणून कोलंबिया, व्हेनेझुएला, पोर्तोरिको या मुलुखांत आजही निस्पेरो म्हणजे चिकू. इकडे स्पेनमध्ये निराळेच घडले. चीनकडून पिवळे, आंबटगोड लोकाट आले आणि लोकांनी ते नाव त्यालाच देऊन टाकले. आज स्पेनमध्ये निस्पेरो मागितले तर हातात लोकाट पडते. शिवाय आलिकांते प्रांतातल्या कायोसा गावच्या निस्पेरोला स्थाननामाचे कायदेशीर संरक्षण आहे, जसे आपल्या ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले तसेच. म्हणजे एका मानांकनवाल्या गावचे फळ दुसऱ्या मानांकनवाल्या गावच्या फळाच्या नावाने विकायला नेल्यासारखे झाले असते!

तेव्हा मी त्याला सांगितले ते असे. टेक्सासचे गिऱ्हाईक बहुतेक मेक्सिकोकडचे, त्यांच्यासाठी ‘चिकोसापोते’ हाच शब्द. उद्या पोर्तोरिको किंवा कोलंबियाच्या लोकांसाठी माल गेला तर ‘निस्पेरो’. स्पेनला गेला तर निस्पेरो चुकूनही नको. नुसते ‘चिको’ फिलिपीन्सखेरीज कुठेच नको, नाहीतर लोक समजतील की चकत्या लहान आकाराच्या आहेत. आणि सगळ्यांच्या वर, ठळक अक्षरात, ‘घोलवड चिकू’ असू दे. ज्या नावाने मानांकन आहे, त्याचे भाषांतर करायचे नसते.

शब्दकोशात एका शब्दासमोर पाच शब्द दिलेले असतात, पण त्यांतला कोणता कुठे चालतो हे तिथे क्वचितच लिहिलेले असते. ते माणसांना विचारावे लागते. आपल्या बटाट्याचेच घ्या. ‘बटाटा’ हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला, आणि तो आला कॅरिबियन बेटांवरून, स्पॅनिशमार्गे. आज एखाद्या अर्जेंटिनाच्या माणसाकडे आपण ‘बटाटा’ मागितला तर तो रताळे देईल. तिकडे बटाट्याला ‘पापा’ म्हणतात आणि स्पेनमध्ये ‘पताता’. काजूची तऱ्हा तर याहून न्यारी. झाड मूळचे ब्राझीलचे, नाव तिथल्या तुपी भाषेतले, आणले पोर्तुगीजांनी. पण मेक्सिकोत काजूला म्हणतात ‘हिंदुस्थानचे बी’! सीताफळ आणि रामफळसुद्धा अमेरिकेतलीच, पण त्यांना आपण रामायणातली नावे देऊन अगदी घरची करून टाकली. चिकू मात्र स्वतःचे नाव घेऊन आला आणि त्याच नावाने राहिला.

फलोद्यानाच्या पुस्तकांत लिहिलेले आहे की महाराष्ट्रात चिकूची लागवड प्रथम १८९८ साली घोलवडला झाली. पारशी आणि इराणी कुटुंबांनी या वाड्या वाढवल्या. चुनखडीच्या अंशाची जमीन, समुद्राची हवा आणि विहिरीचे पाणी त्याला मानवले. ‘कालीपत्ती’ ही जात इथे इतकी रुजली की चिकू म्हणजे कालीपत्तीच. पण एक गोष्ट शहरातल्या नातेवाइकांना माहीत नसते म्हणून सांगते. चिकूचे कलम बहुधा रायणीच्या खुंटावर बांधतात. रायण म्हणजे खिरणी, आपल्या रानातली, चिकूच्याच कुळातली. मुळे इथल्या रानाची आणि फांदी मेक्सिकोची. भाषेतल्या परक्या शब्दांचेही असेच असते. खुंट आपला असला की फांदीला कोणी परकी म्हणत नाही.

आता मुलांच्या त्या ‘चीक’वाल्या उत्तराकडे वळते. चिकूच्या झाडाला कोठेही चिरले की पांढरा चीक येतो. मेक्सिकोत या चिकाला नाव्हात्लमध्ये ‘त्सिक्त्ली’ म्हणत, त्याचे स्पॅनिशमध्ये ‘चिक्ले’ झाले. मराठीत चीक आणि तिकडे चिक्ले! कोणालाही वाटेल की नाते असणार. पण नाते नाही. आपला ‘चिकट’ संस्कृत ‘चिक्कण’च्या घरातला. दोन समुद्रांच्या पलीकडचे दोन शब्द केवळ योगायोगाने सारखे निघाले आणि अर्थही जवळजवळ तोच. असे योगायोग भाषेत होतात, म्हणून नुसत्या आवाजावरून नाते जुळवू नये, हे मी मुलांना दरवर्षी सांगायची.

हे चिक्ले लोक पूर्वीपासून चघळत. १८६० च्या दशकात मेक्सिकोचा पदच्युत सत्ताधीश सांता आना न्यूयॉर्कजवळ अज्ञातवासात होता. त्याच्याकडून टॉमस अ‍ॅडम्स नावाच्या गृहस्थाला हा चीक मिळाला. त्याचे रबर करायचा प्रयत्न फसला, पण चघळायची गोळी जमली, आणि १८७१ साली अ‍ॅडम्सने ती बनवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. च्युइंग गमचा धंदा त्यातून वाढला. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम पदार्थ आले तोपर्यंत अमेरिकेतली माणसे जे चघळत होती ते चिकूच्या झाडाचे दूध होते.

ते गोळा कोण करत होते? युकातान आणि ग्वातेमालाच्या जंगलात ‘चिक्लेरो’ नावाचे मजूर. पावसाळ्यात जंगलात शिरायचे, कमरेला दोर बांधून उंच झाडावर चढायचे, कोयत्याने नागमोडी खाचा पाडायच्या, आणि खाली ठिबकलेला चीक उकळून त्याच्या विटा पाडायच्या. दोर कापला गेला तर माणूस खाली. या मजुरांना ठेकेदार हंगामाआधी पैसे देऊन बांधून घेत. इंग्रजीत त्याला साधा रोजचा शब्द आहे, ‘अ‍ॅडव्हान्स’. स्पॅनिशमध्ये तिथे शब्द वापरत ‘एंगांचे’. त्याचा मूळ अर्थ आकडा अडकवणे, हुकाला लावणे.

हा शब्द वाचला आणि मी थांबले. कारण आमच्या डहाणू-तलासरीत या ‘अ‍ॅडव्हान्स’ला शब्द आहे ‘उचल’. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी आदिवासी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेतात आणि मग हंगामभर ती फेडत राहतात. शब्दकोश उघडून कोणी ‘अ‍ॅडव्हान्स’चे भाषांतर करील तर लिहील ‘आगाऊ रक्कम’, आणि स्पॅनिशमध्येही तसाच एखादा स्वच्छ शब्द सापडेल. व्याकरणाने दोन्ही बरोबर. पण बँकेतली आगाऊ रक्कम आणि भट्टीवरची उचल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उचलीचे खरे भाषांतर एंगांचे. एकीकडे पैसे उचलणारा दिसतो, दुसरीकडे आकडा लावणारा. व्यवहार तोच.

याहून जुना शब्द ‘लग्नगडी’. ‘गडी’ हा मराठीतला अगदी साधा शब्द. खेळातला गडी, घरातला गडी, ‘गडी मोठा हुशार’ मधला गडी. पण या तालुक्यांत ज्या वारली तरुणाने लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून कर्ज घेतले, तो लग्नगडी झाला. कर्ज फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचे, आणि कर्ज फिटत नसे. स्पॅनिशमध्ये याला जवळचा शब्द ‘पेओन’. मूळ अर्थ पायी चालणारा, बुद्धिबळातले प्यादे. मेक्सिकोत कर्जापायी मालकाच्या जमिनीला बांधलेल्या मजुराला हाच शब्द लागला. चिकूच्या माहेरी, युकातानात, १९१४ साली फर्मान काढून या पेओनांची कर्जे रद्द केली गेली. आमच्याकडे २३ मे १९४५ ला झरी गावी वारल्यांची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथे होते. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही असे ठरले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. देशभर वेठबिगारी कायद्याने बंद व्हायला १९७६ साल उजाडले.

म्हणून मला वाटते, शब्द निवडताना कोशाबरोबर त्या जागेचा इतिहासही उघडावा लागतो. लग्नगडीचे भाषांतर ‘नोकर’ केले की नोकरी सोडता येते असे वाटते. ‘गुलाम’ केले की बाजारात विकलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. दोन्ही पूर्ण खरे नाही. ‘कर्जात अडकलेला पेओन’ म्हटले तर मेक्सिकोच्या वाचकाला एका क्षणात समजेल, कारण त्याच्या आजोबा-पणजोबांनी ते पाहिलेले असते. शब्दाचा नेमका जोड सापडतो तिथे बहुधा दुःखाचाही जोड असतो.

गोदूताईंनी ही सगळी हकिकत लिहिली ती ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात. १९७० साली ते आले आणि १९७२ ला त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये त्याचे इंग्रजी पुस्तक निघाले, त्याच्या नावाचा अर्थ ‘आदिवासींचे बंड’. नाव चुकीचे नाही, बाहेरच्या वाचकाला विषय लगेच कळतो. पण त्यात ‘माणूस’ राहिला नाही. मराठी नावातला जोर त्या एका शब्दावर आहे. ज्याला गडी म्हणत, ज्याच्या नावाने हाक मारायचीही कोणाला गरज वाटत नसे, तो माणूस आहे आणि तो जागा होतो आहे.

हेच नाव उद्या स्पॅनिशमध्ये न्यायचे झाले तर? कोश सांगेल, माणूस म्हणजे ‘ओम्ब्रे’. पण ओम्ब्रे म्हटले की आधी पुरुष डोळ्यांपुढे येतो. आमचा माणूस तसा नाही. ‘बाईमाणूस’ही माणूसच. लग्नगड्याबरोबर त्याची बायकोही राबत होती, आणि जागी झाली तेव्हा तीही जागी झाली. दुसरा शब्द आहे ‘पेर्सोना’, म्हणजे व्यक्ती. त्यात बाई-पुरुष दोघेही आले, पण तो अर्जावरच्या रकान्यासारखा कोरडा वाटतो. तिसरा ‘हेन्ते’, म्हणजे माणसे, लोक. मला तोच बरा वाटतो. तो साधा आहे, बाजारात बोलला जातो आणि त्यात कोणी वगळले जात नाही. पण मग एकटा माणूस जातो आणि जमाव येतो, हेही खरे.

नात्यातल्या आणि ओळखीतल्या ज्या मुलांना शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकायला मिळाले आहे, त्यांनी यावर जरूर विचार करावा आणि मला कळवावे. चिकूचा शब्द सापडला, माणसाचा अजून शोधते आहे.